बागेत श्रमदान करू, पण आधी माळ्याची जागा भरा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. आमच्या महापालिकेने नागरिकांना आवाहन केलंय की आपल्या एरियातल्या बागा दत्तक घ्या, स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा, रविवारी दोन तास श्रमदान करा वगैरे वगैरे. बातमी आली आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच अंगठे आणि जोडलेले हात पडायला लागले, दुपारपर्यंत तिघींचे फोन, काकू तुम्ही तर आधीपासून करताच आहात, तुम्हीच पुढाकार घ्या ना. मी हो म्हटलं नाही. का नाही म्हटलं ते ग्रुपवर टाईप करायला बसले तर ते एवढं लांबलं की कोणी वाचलं नसतं, म्हणून तुम्हाला लिहितेय. शहराचं नाव आणि बागेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, का ते शेवटी कळेलच.

माझी ओळख एवढीच की पोस्टात काउंटरला ३१ वर्षं काढली, २०१५ ला रिटायर झाले. गुडघ्यांसाठी डॉक्टर म्हणाले रोज चाला, म्हणून घराजवळच्या बागेत जायला लागले, आणि चार दिवसांत त्या ट्रॅकवर गोल गोल फिरायचा कंटाळा आला (घाण्याच्या बैलासारखं वाटतं खरं सांगायचं तर). तिथे एक माळीमामा वाफ्यात बसून निंदत होते, त्यांना म्हटलं मला पण एक खुरपं द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, साडीकडे बघितलं, आणि एक जुनं बोथट खुरपं काढून दिलं. बोथट का दिलं ते मला पुढे कळलं.

झालं असं की पहिल्याच पावसाळ्यात मी एक अख्खा वाफा साफ केला. गवत गवत म्हणून उपटत गेले, हिरवं बारीक पातीसारखं, मुळाशी छोटे छोटे कांदे निघत होते, मला वाटलं हे कसलं चिवट गवत आहे बाई. दोन तास घाम गाळून उभी राहिले आणि अभिमानाने मामांना हाक मारली. ते आले, बघितलं, काही बोलले नाहीत. उकिरड्यावर टाकलेला ढीग पुन्हा घमेल्यात भरला, आणि एकेक कांदा परत मातीत दाबायला बसले. त्या रेन लिली होत्या. पहिला जोराचा पाऊस पडला की तीन-चार दिवसांत गुलाबी फुलं येतात त्या. फूल नसताना कोणालाही गवतच वाटेल, पण माळ्याला वाटत नाही, हाच तर फरक आहे. त्या दिवशी माझ्या दोन तासांच्या श्रमदानाने मामांचे तीन तास खाल्ले. हा हिशोब मी कधी विसरले नाही, आणि म्हणूनच 'जितके जास्त हात तितकं चांगलं' हे कोणी म्हणालं की मला हसू येतं.

आमची बाग मोठी नाही, दीड एकरभर असेल. मी जायला लागले तेव्हा तिथे तीन कायम माळी होते, दोन बिगारी, आणि दोन-तीन बागा मिळून एक मुकादम. आता कायम असे एकटे माळीमामा उरलेत, ते पुढच्या मे महिन्यात रिटायर होणार. बाकीचे गेले ते गेले, जागा भरल्याच नाहीत. ठेकेदाराकडच्या दोन मावशी आहेत, त्यातली एक झाडू मारते, दुसरीने पाणी घालायचं, निंदायचं, संडास धुवायचा आणि कोणी विचारलं तर वॉचमनचंही काम करायचं. तर मला सांगा, पाच-सहा माणसांचं काम तीन माणसांवर आलं, आणि बरोबर त्याच वेळी महापालिकेला नागरिकांच्या सहभागाची आठवण झाली. हा योगायोग आहे असं मला तरी वाटत नाही.

लोकांना वाटतं माळी म्हणजे पाणी मारणारा. पाइप घेऊन उभं राहायचं, त्यात काय. मी दहा वर्षं शेजारी बसून बघतेय, सांगते. पाणी कधी द्यायचं आणि कधी नाही द्यायचं हेच अर्धं काम आहे. आमच्याकडे एक उत्साही काका होते, रोज संध्याकाळी बाटल्या भरभरून चाफ्याला पाणी घालायचे, पुण्य म्हणून. पानगळ झालेला चाफा बघून त्यांना वाटायचं तो तहानलाय. चाफा थंडीत पानं टाकतो, झोपतो, तेव्हा त्याला पाणी जास्त झालं की खोड मऊ पडून कुजतं. एक झाड असंच गेलं. काकांना कोणी सांगितलं नाही कारण काका माजी अधिकारी.

मग ते गवत कापायचं मशीन, नायलॉनची तार फिरते ते. ठेकेदाराची पोरं येतात महिन्यातून एकदा, त्यांना रेट एरियावर मिळतो, त्यामुळे भराभर फिरवत जातात. त्या तारेने लहान झाडाच्या बुंध्याची साल गोल सोलली जाते. वरून झाड हिरवंगार दिसतं, पण अन्न खाली मुळांकडे जातं ते सालीतून, ती गोल कापली गेली की मुळं उपाशी मरायला लागतात आणि काही महिन्यांनी झाड वाळतं, आणि सगळे म्हणतात रोग पडला. मामा काय करतात, प्रत्येक लहान झाडाच्या भोवती हाताने वीतभर गवत काढून ठेवतात आणि पालापाचोळा पसरतात, म्हणजे मशीनवाल्याला तिथे यायचं कारणच उरत नाही. हे कुठल्या टेंडरमध्ये लिहिलेलं नाही. मामा गेले की हे कोण करणार? रविवारचे दोन तास?

पाचोळ्याचं पण तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की ढिगाने पडतो. पूर्वी कोपऱ्यात पेटवून द्यायचे, धुराने सकाळी फिरणारे खोकायचे. २०१६ मध्ये हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला ५,००० रुपये दंड सांगितला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००, तरी जाळणारे जाळतातच. आमच्याकडे मामांनी मागच्या भिंतीला लागून विटांचे दोन हौद केलेत, विटा कुठून आणल्या ते विचारू नका. त्यात पाचोळा, थोडं शेण, थोडी माती, वरून पाणी, पावसाळ्यानंतर काळंभोर खत. वर्षाकाठी एवढं निघतं की वाफ्यांना बाहेरचं खत लागत नाही. तर एका वर्षी एक युवा मंडळ स्वच्छता मोहिमेला आलं, हातमोजे, टोप्या, बॅनर सगळं घेऊन, आणि त्यांनी ते दोन्ही हौद 'कचरा' म्हणून उपसून घंटागाडीत टाकले. वर्षभराचं खत. मामांची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. पोरं चांगली होती हो, मनापासून राबली, संध्याकाळी हात दुखले असतील त्यांचे. पण त्यांना सांगणारं कोणी नव्हतं आणि कोणाला विचारायचं हेही माहीत नव्हतं.

आता ५ जून. पर्यावरण दिन जगाचा आहे, १९७३ पासून पाळतात, त्याच्याशी माझं भांडण नाही, पण तो काही आपल्या पावसाला विचारून ठरवलेला नाही. मुंबईत पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून, आमच्यासारख्या आतल्या गावांना तर त्याच्याही नंतर. आपली शेतकरी माणसं मृग निघाला तरी ओल किती गेलीय ते उकरून बघतात. आणि आम्ही ५ तारखेला भर उन्हात, कडक जमिनीत, कुदळीने टीचभर खड्डा करून रोपं लावतो कारण साहेब त्या दिवशी मोकळे असतात. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला तो जुलैचा पहिला आठवडा धरून केला होता, तोवर देशभर बऱ्याच ठिकाणी जमीन भिजलेली असते. एवढी साधी अक्कल ७५ वर्षांपूर्वी होती.

दोन वर्षांपूर्वीच्या ५ जूनला आमच्या बागेत ६० रोपं लागली. फोटो निघाले, पाणी बॉटल वाटल्या, चिवडा-लाडूची पाकिटं. दुसऱ्या दिवशी मी आणि मामा बघायला गेलो तर सतरा रोपं काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट मातीत. पिशवी फाडायचीच राहिली! एक पिंपळ कंपाउंड वॉलला चिकटून, म्हणजे दहा वर्षांनी भिंत जाणार. दोन फुटांवर दोन कडुनिंब. मामांनी आठवडाभर ती सगळी परत काढून नीट लावली, दोन-दोन फुटांचे खड्डे, वरची माती बाजूला, आधी खत, मग रोप, मग आळं, बांबूचा टेकू. पाऊस आला २२ तारखेला. तोपर्यंत पाणी कोणी घातलं ते सांगायला नको, आणि नंतरचे दोन उन्हाळे कोणी घातलं तेही. आज त्यातली ३८ उभी आहेत. उद्घाटनाच्या पाटीवर नऊ नावं आहेत, त्यात माळ्याचं नाव नाही. असो.

राज्याने पण २०१६ ते २०१९ मध्ये कोट्यवधी झाडं लावायच्या मोहिमा केल्या, एका वर्षी आकडा ३३ कोटींचा होता. लावायला माणसं पाहिजे तेवढी मिळतात. जगवायला एक माणूस लागतो, पण तो रोज लागतो आणि त्याला पगार लागतो.

आता मला ज्या शब्दाची भीती वाटते त्याबद्दल. स्वयंसेवक. चांगला शब्द आहे, माझे वडील सेवादलात जायचे, मी त्या शब्दात वाढले. पण गेल्या काही वर्षांत सरकारी कागदांवर त्याचं काय झालंय बघा. मुंबईत दत्तक वस्ती योजनेत झोपडपट्ट्यांमध्ये गटारं साफ करणाऱ्या माणसांना कागदोपत्री स्वयंसेवक म्हणायचे, म्हणजे त्यांना पगार द्यायचा नाही, मानधन द्यायचं. आशा ताई, ज्या घरोघर फिरून बाळंतिणींची नोंद ठेवतात आणि कोरोनात दारोदार गेल्या, त्याही सरकारच्या हिशोबी स्वयंसेविका. रोज राबणाऱ्याला स्वयंसेवक म्हटलं की किमान वेतन नाही, पीएफ नाही, पेन्शन नाही. उद्या माळ्याच्या जागी 'उद्यान स्वयंसेवक, मानधन तत्त्वावर' अशी जाहिरात आली तर मला नवल वाटणार नाही, आणि त्या दिवशी दाखला म्हणून माझंच नाव पुढे करतील, बघा या काकू तर दहा वर्षं फुकट करतायत. फुकट काम करणारी बाई म्हणून मी कोणाच्या तरी पोटावर पाय देतेय की काय हा विचार माझ्या डोक्यात आहे, खोटं कशाला बोलू. मला पेन्शन आहे म्हणून मला फुकट राबणं परवडतं.

पाणी घालणाऱ्या मावशींचंच सांगते. ठेकेदाराकडून त्यांना पगार होतो १० तारखेला, कधी २२ ला, एकदा दिवाळीच्या महिन्यात झालाच नाही. पगारातून पीएफचे कापतात हे त्यांना माहीत होतं, कुठे जातात ते माहीत नव्हतं. मी पोस्टातली, पासबुक ही माझी जन्माची सवय. त्यांचा यूएएन नंबर (पीएफ खात्याचा नंबर) शोधायलाच तीन आठवडे गेले, मग मोबाइलवर उमंग ॲप टाकून पासबुक उघडलं तर पाच महिने एक पैसा भरलेला नाही. कापलेत मात्र दर महिन्याला, १२ टक्के. ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड नाही, म्हणजे विंचू चावला (बागेत चावतात, आमच्याकडे दोनदा चावलाय) तर दवाखाना स्वतःच्या पदराचा. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर मूळ मालकाने, म्हणजे इथे महापालिकेने, द्यायचे हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं, नव्या लेबर कोडमध्येही ठेवलंय. पण मूळ मालकाच्या ऑफिसात मावशी गेल्या तर शिपायाने विचारलं तुम्ही कोणाच्या, ठेकेदाराच्या ना, मग तिकडे जा. मी अर्ज लिहून दिला, पोचपावती घेतली, तारखेचा शिक्का मारून घेतला. पोस्टातली बाई शिक्का घेतल्याशिवाय हलत नाही. त्यातले तीन महिने भरले गेले, दोन बाकी आहेत. खरं सांगू का, दहा वर्षांत मी बागेसाठी जे काही केलं त्यात निंदण्यापेक्षा हे एक काम जास्त उपयोगी पडलं असं मला वाटतं.

कोणी म्हणेल परदेशात बघा कसे लोक बागेत राबतात. बघितलं आहे. मुलगी न्यू जर्सीला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा ती मला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कला घेऊन गेली. ८४३ एकरांची बाग, शहराच्या पोटात. मी नेहमीप्रमाणे तिथल्या वाफ्यात काम करणाऱ्या बाईशी गप्पा मारायला लागले, मुलगी दुभाषी. तर कळलं की सगळं पार्क ४९ तुकड्यांत वाटलेलं आहे, प्रत्येक तुकड्याला एक ठरलेला माळी, तो तुकडा त्याचा, गवताच्या काडीपासून बाकापर्यंत जबाबदारी त्याची. आणि जे स्वयंसेवक येतात ते त्या माळ्याच्या हाताखाली. तो सांगेल ते उपटायचं, तो नको म्हणाला तर हात लावायचा नाही. म्हणजे आधी पगारी माळी, मग हौशी हात. आपल्याकडे यातले हौशी हात तेवढे घेतात आणि माळी कापून टाकतात.

आणि तिथेही सगळं सरळ झालं असं नाही. १९७० च्या दशकात ते शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं, बागांची माणसं कमी केली, सेंट्रल पार्कची रया गेली, मग १९८० मध्ये लोकांच्या देणग्यांवर चालणारी संस्था उभी राहिली आणि तिने ते सावरलं. पण सेंट्रल पार्कच्या बाजूला श्रीमंत राहतात म्हणून त्याला देणग्या मिळतात, गरीब वस्तीतल्या बागेला कोण देणार. नव्वदच्या दशकात त्याच शहराने सरकारी मदतीवर जगणाऱ्या हजारो लोकांना मदतीच्या बदल्यात बागांमध्ये झाडायला लावलं, आणि त्याच काळात पगारी नोकऱ्या घटत गेल्या. म्हणजे ही युक्ती आपल्या साहेबांना सुचली असं नाही, जुनी आहे.

दत्तक या शब्दाचाही आपल्याला अनुभव आहे. मुंबईत मोकळी मैदानं, बागा संस्थांना सांभाळायला दिल्या, काही संस्थांनी इमानदारीने सांभाळल्या, काही ठिकाणी क्लब उभे राहिले आणि गल्लीतल्या पोरांना बाहेरून बघायची वेळ आली. २०१६ मध्ये नवं धोरण आणलं तेव्हा एवढी ओरड झाली की मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली आणि दिलेले २१६ भूखंड परत घ्यायचं ठरलं. मूल दत्तक घेतलं की ते घरचं होतं. बाग दत्तक घेणाऱ्यालाही हळूहळू ती घरची वाटायला लागते, गोची तिथे आहे. आमच्याच बागेत एका हौशी ग्रुपने सकाळी साडेसहा ते आठ हा हिरवळीचा तुकडा 'आमचा' करून टाकलाय, दुसरं कोणी चटई टाकली की डोळे वटारतात. त्यांनी बाक दिलेत ना. बाकांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' एवढं आहे की संध्याकाळी बसायला गेलं की स्मशानात आल्यासारखं वाटतं, माफ करा, पण वाटतं.

पैसा नाही हेही मला पटत नाही. गेल्या वर्षी गेटसमोर 'आय लव्ह' आणि पुढे आमच्या नगराचं नाव, लाल बदाम, रात्री लुकलुकणारे दिवे, असं लावलं. पोरं सेल्फी काढतात, काढू देत. पण त्याच वर्षी बोअरची मोटर जळली ती सात आठवडे दुरुस्त झाली नाही, मामा आणि मावशी शेजारच्या मंदिराच्या नळावरून बादल्या वाहत होते, एप्रिलमध्ये. ओपन जिमच्या सात मशीनपैकी चार मोडलेल्या, झोपाळ्याची साखळी तुटून एक पोरगं पडलं तेव्हापासून झोपाळाच काढून नेलाय, नुसते खांब उभे आहेत. ट्रॅकला पेव्हर ब्लॉक घातले ते थेट झाडांच्या बुंध्यापर्यंत, मुळाला ना हवा ना पाणी. दिल्लीत याच गोष्टीवर २०१३ मध्ये हरित लवादाने सांगितलं होतं की बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवा. आमच्याकडे मामांनी रात्री-अपरात्री पहारीने एकेक ब्लॉक उचकटून ती मोकळी केली. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. सरकारी मालमत्तेचं नुकसान.

अजून एक गोष्ट राहिली, ती कोणाच्याच यादीत नसते. बाग सकाळी १० ला बंद होते, ४ ला उघडते. का तर माणूस नाही लक्ष ठेवायला. आता दुपारी सावली कोणाला लागते? आम्हा पेन्शनरांना नाही, आम्ही पंख्याखाली झोपलेलो असतो. लागते ती धुणीभांडी करून एका घरातून दुसऱ्या घरी जाणाऱ्या बायकांना, डिलिव्हरीच्या पोरांना, रिक्षावाल्यांना, रस्ता खोदणाऱ्या मजुरांना. आत पर्जन्यवृक्षाची एवढी मोठी थंडगार सावली मोकळी पडलेली, आणि हे सगळे बाहेर फुटपाथवर भिंतीच्या टीचभर सावलीला डबा उघडून बसलेले. एक माणूस जास्त दिला तर हे कुलूप निघेल. मी तीनदा विचारलं तर म्हणाले प्रेमी युगुलं येतात. येऊ देत की बिचारी, कुठे जातील.

तर मला काय पाहिजे ते सांगते, फार मोठं काही नाही. मामा मे मध्ये जायच्या आत, निदान सहा महिने आधी, त्यांच्या जागी नवीन माणूस कायमचा घ्या, म्हणजे मामा त्याला शिकवून जातील, कुठली पाइपलाइन कुठून गेलीय हे नकाशात नाही, त्यांच्या डोक्यात आहे. मावशींचे दोन महिने भरा. आणि मग आम्हाला बोलवा, आम्ही येऊ, रविवारीच कशाला, मी तर रोज येते, पण माळी म्हणेल ते आणि तेवढंच करू. मशीनला, कोयत्याला, झाडाच्या फांदीला आम्ही हात लावणार नाही, १९७५ पासून झाडांचा कायदा आहे आणि झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते हे आमच्यातल्या निम्म्यांना माहीतही नसतं, गेल्या पावसाळ्यात एका सद्गृहस्थांनी गॅलरीत ऊन येत नाही म्हणून श्रमदानाच्या नावाखाली बकुळ छाटायला काढली होती. पोरांना गोष्टी सांगणं, म्हाताऱ्यांना हात धरून फिरवणं, झाडांना नावाच्या पाट्या लिहिणं (खिळे न ठोकता), अर्ज लिहून देणं, अशी शंभर कामं आहेत जी पगारी माणूस करू शकत नाही आणि जी केल्याने कोणाची नोकरी जात नाही. ती आमच्याकडून घ्या ना.

ग्रुपवरच्या मैत्रिणींना एवढंच कळवलंय की मी फॉर्म भरणार नाही, पण उद्या सकाळी नेहमीसारखी खुरपं घेऊन असेन, यायचं तर या, आधी मामांना विचारा.

माझं नाव छापू नका. मला काही होणार नाही, पण मामांची पेन्शनची फाइल अजून टेबलावर आहे. पत्र लांबलंय हे कळतंय, कापायचं तर सेंट्रल पार्कचं कापा, मावशींच्या पीएफचं कापू नका. पत्ता तुमच्या ऑफिसला पाकिटावर दिलाय. कोणी वार्ताहर किंवा फोटोग्राफर पाठवणार असाल तर सकाळी पाठवू नका, सकाळी बाग छान दिसते. दुपारी एकला पाठवा, गेटला कुलूप असेल, बाहेर भिंतीलगत कोण बसलंय त्याचा फोटो घ्या.

आपली,
एक नियमित वाचक